काच शाबूत, चेहरा गायब

एक

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास उकंडा आत्रामने मखमली पडद्याचं टोक उचललं आणि तो मटकन खालीच बसला. फोटोतल्या बाईला तोंड नव्हतं.

साडी होती, हात होते, मागे कापसाने भरलेली बैलबंडी होती. फक्त पदराखाली जिथे चेहरा असायचा, तिथे नारळाएवढं लंबगोल भोक होतं आणि भोकातून पाठीमागचा पांढरा पुठ्ठा दिसत होता.

"माय वो!" उकंडा ओरडला, आणि त्या ओरडण्यानेच त्याचा घात केला. जनसेवा मंडळाच्या सभागृहाची किल्ली रात्रभर त्याच्या कमरेला होती. दाराला कुलूप, खिडक्यांना गज. पंजाबराव अध्यक्ष धावत आले, त्यांनी फोटो पाहिला, उकंडाकडे पाहिलं आणि त्यांच्यापुरता तपास तिथेच संपला.

"कायले हात लावला बे पडद्याले?"

"सायेब, मले पाहाचा होता फोटो. सारे लोक म्हणत होते, लय भारी आहे, लय भारी आहे. म्हटलं, गर्दी व्हायच्या आधी आपणबी पाहून घ्यावं."

आता सांगा, यावर कोण विश्वास ठेवणार? शिपायाला फोटो बघायची हौस असू शकते, हे पंजाबरावांच्या डोक्यात शिरणं कठीणच होतं. त्यात उकंडाच्या खोलीत दाढीचं ब्लेड सापडलं. दाढी तर गावातला प्रत्येक जण करतो, पण ब्लेड मात्र उकंडाचंच सापडलं.

संध्याकाळी पाचला नागपूरहून पाहुणे येणार होते. 'पुसलेलं कपाळ' हा फोटो तीन शहरांत गाजून आपल्या जिल्ह्यात परत आला होता, त्याचं अनावरण होतं, फोटोग्राफरचा सत्कार होता. पंजाबरावांनी हवालदाराला बोलावून दारात खुर्ची दिली. "पाचपर्यंत कबूल कर," ते उकंडाला म्हणाले. "नाही तर पाहुण्यांच्या देखत याच्या ताब्यात देतो. मग तिथं कसं बोलतं करतात ते तुले मालूम आहे."

उकंडाला ते चांगलंच मालूम होतं. त्याचा धाकटा भाऊ एका सायकलचोरीच्या संशयात तीन दिवस आत होता. सायकल दुसरीकडेच सापडली, पण भावाचा डावा कान तेव्हापासून कामातून गेला. उकंडाने हात जोडले आणि एकच गोष्ट मागितली.

"पाठककाकाले बोलवा सायेब. फ्रेम त्यायचीच आहे."

दोन

नीळकंठ पाठक म्हणजे दत्त चौकाजवळच्या फोटो स्टुडिओचे मालक. वय त्रेसष्ट, अंगात सदरा, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर कायम राग. पंचवीस वर्षं पोलीस पंचनाम्याचे फोटो काढायला त्यांनाच बोलवत. साहेबांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट नीळकंठरावांच्या फोटोत सापडायची, असं दोन-तीनदा झालं, तेव्हापासून गावात त्यांचा एक दबदबा होता. तो दबदबा त्यांना स्वतःलाही फार आवडायचा. अलीकडे गल्लोगल्ली डिजिटल कॅमेरे झाले, धंदा बसला, म्हणून त्यांनी स्टुडिओला जोडून फ्रेमिंग सुरू केलं होतं. प्रदर्शनातल्या सगळ्या चौकटी त्यांच्याच दुकानातून आल्या होत्या.

दुकानाच्या शोकेसमध्ये एका नवरीचा मोठा फोटो होता, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचा. नथ, मुंडावळ्या, खाली झुकलेली नजर. त्या एका फोटोने आपलं दुकान अठरा वर्षं चालवलं, असं नीळकंठराव येईल त्याला सांगत.

ते सभागृहात आले, उकंडाकडे पाहिलं आणि आधी पंजाबरावांवरच खेकसले. "याला पाणी तरी दिलंत का? चेहरा बघा त्याचा!"

मग त्यांनी फोटो उतरवून घेतला. काच शाबूत होती, साधा ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी चौकट पालथी केली. मागची हार्डबोर्डची पाटी जागेवर, तिच्या कडेने खळीने चिकटवलेली खाकी कागदाची पट्टी ताणलेली, आणि पट्टीच्या सांध्यावर चारी कोपऱ्यांत त्यांच्या दुकानाचा गोल जांभळा शिक्का. हा त्यांचा जुना नेम होता. चौकट बंद झाली की सांध्यावर शिक्का मारायचा. अर्धा कागदावर, अर्धा लाकडावर. कोणी चौकट उघडली तर शिक्का फाटलाच पाहिजे. चारीही शिक्के अखंड होते.

"हे कसं शक्य आहे?" नीळकंठराव पुटपुटले. काच फोडलेली नाही, पाठ उघडलेली नाही, मग आतला चेहरा गेला कुठून?

त्यांनी भोकाची कड भिंगातून पाहिली. ब्लेडने रागारागात ओढलेली रेघ नव्हती ती. एका दमात, एकसारखं वळण घेऊन कापलेला सुरेख लंबगोल होता. असा काप पितळी साचा ठेवल्याशिवाय येत नाही. पूर्वी लॉकेटसाठी आणि भिंतीवरच्या अंडाकृती तसबिरींसाठी स्टुडिओवाले असे साचे वापरत. आता गावात असे साचे दोघा-तिघांकडेच उरले होते. एक खुद्द त्यांच्याकडे, एक घनश्यामकडे.

"ज्याला फोटो नासवायचा असतो तो ओरबाडतो, शाई फासतो," ते हवालदाराला म्हणाले. "इथे चेहरा नासवलेला नाही. जपून काढून नेलाय."

"म्हणजे चोरी," हवालदार म्हणाला.

"चोरी खरी. पण कुणी कुणाचं चोरलं ते आधी कळू दे."

बोलून गेले खरे, पण आपण असं का बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. उकंडा भिंतीशी उकिडवा बसून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. घड्याळात दहा वाजले होते.

तीन

फोटोग्राफर साकेत देशमुख सर्किट हाऊसवरून आला तो संतापाने लाल होऊन. यवतमाळचाच मुलगा, शिकायला बाहेर गेला तो तिकडेच नावारूपाला आला. पस्तिशीचा, गळ्यात कॅमेरा. तो कॅमेरा जेवतानासुद्धा निघत नसावा.

"काका, हा फोटोवरचा हल्ला नाही, सत्यावरचा हल्ला आहे. इथल्या लोकांना स्वतःचं दुःख बघवत नाही."

"राहू दे. मला एवढंच सांग, ही बाई कोण?"

साकेत थबकला. "कोण म्हणजे? शेतकऱ्याची विधवा. दारव्ह्याला कापसाच्या यार्डासमोर बसली होती."

"नाव?"

"नाव कशाला विचारू? विचारलं की माणसं सावरून बसतात, पदर नीट करतात, खोटं हसतात. तो क्षण मरतो. आणि रस्त्यावर बसलेल्या माणसाचा फोटो काढायला कायद्याने परवानगी लागत नाही, काका."

"ते मला माहीत आहे. तू लांबून काढलास?"

"रस्त्याच्या पलीकडून, मोठी लेन्स लावून. तिला कळलंसुद्धा नाही. तेच तर त्या फोटोचं सौंदर्य आहे!"

"नंतर कधी तिची काही खबर?"

साकेतने खांदे उडवले. "पेपरात छापून आल्यावर दोन पत्रं आली होती दारव्ह्याहून. अशी पत्रं रोज येतात. काहीतरी मागायचं असतं लोकांना. मी उघडली नाहीत. खरं सांगू? तो फोटो आता त्या बाईचा राहिलेलाच नाही. सगळ्या विदर्भाचा झालाय."

नीळकंठरावांना ते वाक्य टाचणीसारखं टोचलं. हे वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय, असं त्यांना वाटलं. पण कुठे, ते काही केल्या आठवेना.

घनश्याम बाजूच्याच टपरीवर सापडला. स्थानिक पेपराचा फोटोग्राफर, पंधरा वर्षं धूळ खात फिरलेला. साकेतशी त्याचं उघड वाजलेलं होतं. पंजाबरावांच्या यादीत उकंडानंतर दुसरं नाव त्याचंच होतं.

"काका, माह्यावर डाऊट असंल तर सरळ इचारा."

"विचारतो. साचा आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. तीन वर्षं झाली, हात नाई लावला. गंजून राह्यला तो." घनश्यामने चहाचा घोट घेतला. "आन मी कायले कापू? मले राग त्या फोटोचा नाई, त्या काढण्याचा आहे. मी तवा साकेतच्या बाजूलेच उभा होतो. म्हटलं, जाऊन इचार त्या बाईले. तर मले म्हणते, तुमी लोक म्हणूनच मागं राह्यले."

"तू विचारतोस?"

"नाव इचारतो, गाव इचारतो. म्हणूनच माहे फोटो बक्षिसाले जात नाईत." तो हसला, पण हसण्यात कडवटपणा होता.

"दिवस कोणता होता?"

"संक्रांत. मले पक्कं याद आहे. साऱ्या बाया हळदीकुंकवाले निघालेल्या, रंगीबेरंगी साड्या, कपाळं भरलेली. आन त्यात ही एकटी पांढऱ्या साडीत, कपाळ कोरं, गालाले हात लावून बसलेली. साकेत म्हणे, पाह्य, संक्रांतीच्या दिवशी विधवा! आन धडाधड काढत सुटला."

नीळकंठराव सभागृहात परतले. टेबलावर तो बिनचेहऱ्याचा फोटो पडला होता. ते त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. इतके दिवस हा फोटो समोर आला की नजर सरळ त्या डोळ्यांवर जायची आणि तिथेच अडकायची. आज डोळे नव्हते. मग नजर जाणार कुठे? ती साडीवरून घरंगळत खाली गेली. ती बसली होती त्या पोत्याच्या कडेला दोन पाय, धुळीने भरलेले. उजव्या पायातली चप्पल निसटलेली.

त्यांनी भिंग खाली नेलं.

पायाच्या बोटात जोडवी होती. दोन्ही पायांत.

चार

चेहरा होता तोवर कोणी पायांकडे बघितलंच नव्हतं. तीन शहरांतल्या शहाण्यांनी नाही, परीक्षकांनी नाही, आणि पंचनाम्यात मेलेल्या माणसाच्या नखापर्यंत बघणाऱ्या नीळकंठ पाठकांनीही नाही!

सवाष्ण बाई, आणि पांढरी साडी, कोरं कपाळ? संक्रांतीला? नीळकंठरावांनी कार्यालयात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली. जानेवारी दोन हजार सहा. चौदा तारीख, मकर संक्रांत. आणि त्याच चौकोनात पूर्ण चंद्र. पौर्णिमा.

ते तसेच उभे राहिले. त्यांच्या स्टुडिओत दर वर्षी अशा बायका फोटोला यायच्या. पांढरीशुभ्र साडी, कपाळावर काही नाही, विहारातून वंदना करून थेट आलेल्या, सोबत नवरा आणि पोरंबाळं. बौद्ध बायका पौर्णिमेला उपोसथाचं व्रत करतात, पांढरं नेसतात, हे त्यांनी तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण साकेतने लावलेलं नाव वाचलं आणि बघितलेलं सगळं विसरले. त्या दिवशी यार्डासमोर दोन सण एकाच रस्त्यावर आले होते, आणि साकेतला त्यातला एकच माहीत होता.

म्हणजे या बाईचा नवरा जिवंत आहे. आणि साऱ्या महाराष्ट्राने त्याला मेलेला पाहिलाय.

मग चेहरा नेणारं माणूस तिच्या जवळचं. पण नेला कसा? काच शाबूत, शिक्के अखंड. नीळकंठरावांनी पुन्हा चौकट पालथी केली, पट्टीवर अंगठा फिरवला. त्यांच्या दुकानातली खळ मैद्याची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. त्याची निळसर झाक कडेला तशीच होती. थंडीच्या दिवसांत ती खळ वाळायला दोन दिवस घेते. ही पट्टी पापडासारखी कडक वाजत होती. काल रात्री कोणी चिकटवली असती तर आता ओली लागली असती.

रात्री कोणी उघडलीच नव्हती ही चौकट. शनिवारी पडदा लावूनच ती इथे आली होती. साकेतलाच तशी हौस. अनावरणाआधी कोणाला दिसता कामा नये म्हणे. पडद्याखाली काय आहे ते आल्यापासून कोणीच पाहिलं नव्हतं. सगळेच धरून चालले होते की चेहरा आत आहे.



शिक्का खोटं बोलत नव्हता. चौकट बंद झाल्यावर कोणी उघडलीच नाही. म्हणजे ती बंद झाली तेव्हाच चेहरा गेलेला होता. त्यांच्या दुकानात. गुरुवारी त्यांनी स्वतः फोटोवर काच बसवली आणि चौकट भिंतीला टेकवून ठेवली. शुक्रवारी पाटी ठोकणं, पट्टी, शिक्का, पडदा. ते काम त्यांचं नसायचंच. काच त्यांची, पाठ उर्वशीची.

उर्वशी मनवर. तीन वर्षं त्यांच्याकडे कामाला असलेली, शिंप्याची मुलगी, हाताला अशी बारीक टीप की पडद्याची तुरपाई बघतच राहावी. गाव दारव्हा.

आणि मग ते वाक्य कुठे ऐकलं तेही आठवलं. बुधवारी साकेत दुकानात आला होता, तेव्हा उर्वशी त्याला दबकत काहीतरी म्हणाली होती, आणि साकेतने हेच उत्तर दिलं होतं, विदर्भाचा झालाय म्हणून. गुरुवारी काच पुसताना नीळकंठराव स्वतःच म्हणाले होते, "बघ उर्वशी, विधवेचं दुःख कसं पकडलंय पोराने!" ती हळूच म्हणाली होती, "काका, बाई विधवा नसंल तर?" आणि ते काय म्हणाले होते? "तुला काय कळतंय त्यातलं! खळ ढवळ."

बाहेर हवालदाराने उकंडाला उठवून उभं केलं होतं आणि त्याचं नाव-गाव कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली होती. अकरा वाजून गेले होते.

पाच

दुकान उघडं होतं. उर्वशी शोकेसची काच पुसत होती. नीळकंठराव आत आले, चप्पल न काढताच स्टुलावर बसले.

"पितळी साचा कुठे आहे?"

तिचा हात थांबला. ती वळली नाही. "जाग्यावर आहे, काका."

"उकंडाला धरलंय."

आता मात्र ती गर्रकन वळली. "काहून? त्यानं काय केलं?"

"किल्ली त्याच्याकडे होती. पाचला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत."

"मले वाटलं पाहुणे पडदा उघडतीन, फोटो बिनतोंडाचा दिसंल, साकेतसायबाची फजिती होईल आन बस. दुसऱ्या कोणावर येईल हे माह्या डोक्यातच नाई आलं, काका. आईची शपथ." ती फडकं खाली टाकून चप्पल शोधायला लागली. "चला. मी सांगतो त्यायले."

"बस जरा. आधी मला सांग."

ती बसली नाही. उभ्यानेच बोलली, आणि तीन वर्षांत बोलली नसेल इतकं बोलली. "फेब्रुवारीत पेपरात आला तो फोटो. खाली लिवलं होतं, कपाशीनं कुंकू पुसलं. दिग्रसहून माह्या मामाकडचे लोक रडत-भेकत आले. बाबा मशीनवर बसले होते. त्यायलेच पाहून मामी किंचाळली. बाबानं उठून त्यायले चहा करून पाजला, आपल्याच मरणाला आलेल्या पाहुण्यायले! सारे हसले तवा. पण मंग रोजचंच झालं. कोणी कपडे टाकाले आलं का म्हणे, अरे तू तर पेपरात मेला! बाबानं दोन पत्रं लिवली सायबाले, मी वाचून दाखोली होती आधी. जबाब नाई. आता तर ते दुकानच उघडत नाईत. म्हणते, मेलेला माणूस कायले शिवते कपडे."

"मला का नाही सांगितलंस की ती तुझी आई आहे?"

उर्वशीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं. "सांगाले लागलो होतो, काका. तुमी म्हटलं, खळ ढवळ."

पंचवीस वर्षं नीळकंठराव लोकांना सांगत आले होते की आपण न विचारता कोणाचा फोटो काढत नाही. न विचारता फ्रेम मात्र केली, आणि वर वाहवाही केली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चेहरा कुठे आहे?"

"आईजवळ. शुक्रवारी संध्याकाळच्या जीपनं नेऊन देल्ला."

ते उठले. "चल, दारव्ह्याची जीप धरू. पाचच्या आत परत यायचंय."

सहा

पावणेपाचला सभागृह भरलं होतं. पाहुणे आले होते, त्यांच्या गळ्यात हार पडला होता, आणि बिनचेहऱ्याचा फोटो पंजाबरावांनी पडद्यासकट पुन्हा भिंतीवर टांगला होता. हल्ल्याचा निषेध करायचा, असं साकेतनेच सुचवलं होतं. दारात हवालदार, त्याच्याजवळ उकंडा. पंजाबराव मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते.

पाचला पाच कमी असताना नीळकंठराव आत आले. मागे उर्वशी, तिच्यामागे धोतर-सदऱ्यातला एक काटकुळा माणूस आणि हिरव्या साडीतली एक बाई. बाई गर्दीतून सरळ पुढे चालत गेली आणि फोटोच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

साकेत पाहुण्यांचा फोटो घ्यायला कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. "बाई, जरा बाजूला सरका," तो म्हणाला. "मध्ये येताय तुम्ही."

बाई सरकली नाही.

"अहो बाई, तुम्हालाच सांगतोय."

"साकेत," नीळकंठराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "ओळखलं नाहीस?"

साकेतने कॅमेरा खाली केला, बाईकडे पाहिलं, आणि मान हलवली. खरोखरच ओळखलं नव्हतं त्याने. तीन शहरांत ज्या चेहऱ्यावर त्याने भाषणं दिली होती, तो चेहरा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता.

बाईने कमरेची पिशवी सोडली, बॉबिनचा पत्र्याचा डबा काढला, आणि डब्यातून कागदाचा लंबगोल तुकडा. पडदा बाजूला सारून तो तिने काचेवर त्या भोकाच्या जागी धरला. मग सगळ्या सभागृहाने एकदा काचेकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. कोणीतरी "अरे बाप रे" म्हणालं.

"मी सत्यशीला मनवर," ती म्हणाली. "हे माहे मालक, पुंडलिक. शिंपी आहेत. जिवंत आहेत. त्या दिवशी पौर्णिमा होती, मी विहारातून आली होती, जीपची वाट पाहून राह्यली होती. गालाले हात लावला, कारण माही दाढ दुखत होती. बस, एवढंच दुःख होतं मले."

कोणी हसलं नाही.

नीळकंठराव पुढे झाले. "या चौकटीवर माझा शिक्का आहे आणि तो शाबूत आहे. चेहरा काल रात्री गेला नाही, शुक्रवारीच गेला, माझ्या दुकानातून. उकंडाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हवालदार, त्याचा हात सोडा."

"पण कापला कोणी?" पंजाबरावांनी विचारलं.

नीळकंठराव बोलणार, त्याच्या आत उर्वशी पुढे आली. "मी कापला. माही आई आहे ते. घेऊन चला मले."

हवालदाराने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साकेतकडे. "साहेब, फोटो तुमचा. तक्रार देता?"

साकेतने फोटोकडे पाहिलं. खाली, पायांकडे. नीळकंठरावांना दिसलं, त्याला जोडवी आत्ता दिसली. "नाही," तो म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

हवालदाराने उकंडाचा हात सोडला. उकंडाने मनगट चोळलं आणि तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले. पुंडलिक शिंपी त्याच्याजवळ गेला आणि नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

आणि तेवढ्यात, सवय कुठे जाते का, पेपरवाल्यांचे कॅमेरे वर गेले. बाई, तिचा चेहरा, शेजारी तिचाच कापलेला चेहरा. असा फोटो परत थोडाच मिळणार! साकेतचाही हात नकळत कॅमेऱ्याकडे गेला. एकट्या घनश्यामने मात्र आपल्या लेन्सवर टोपण चढवलं.

सत्यशीलाबाईंनी हात वर केला. "इचारलं काय मले?"

सगळे कॅमेरे एकेक करून खाली आले. साकेतचा सगळ्यात शेवटी. तो दोन पावलं पुढे आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, त्याने विचारलं, "ताई, एक फोटो काढू का?"

"नाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी तो तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला, शेवटची जीप जाईल."

दुसऱ्या दिवशी उर्वशी नेहमीच्या वेळी कामावर आली तेव्हा दुकानाची शोकेस रिकामी होती. अठ्ठ्याऐंशी सालची ती नवरी काउंटरवर पालथी ठेवली होती, आणि नीळकंठराव जुनी पावतीबुकं पुढ्यात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"काय शोधून राह्यले, काका?"

"हिचं नाव," ते म्हणाले. "लोहाऱ्याची होती बहुतेक. अठरा वर्षं रस्त्यावर मांडून ठेवलंय मी तिला. कधी विचारलं नाही."

उर्वशीने पिशवी खुंटीला अडकवली, शेजारी स्टूल ओढलं आणि दुसरं पावतीबुक उघडलं.